नवा पत्ता आला, कॅट पुन्हा बांधला



या महिन्यात एका बहिणीचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा अकरावीत आहे आणि मोबाईलवर ‘हर्थस्टोन’ नावाचा पत्त्यांचा खेळ खेळतो. खेळात नवा पत्ता आला की दोन-दोन दिवस वही घेऊन बसतो. कोणता पत्ता ठेवायचा, कोणता काढायचा, याची यादी करतो आणि खोडतो. आजोबा म्हणतात, पत्ते म्हणजे जुगार, मोबाईल काढून घ्या. मुलगा म्हणतो, दादाजान, हे बुद्धिबळासारखे आहे, यात पैसे लागत नाहीत. पण गेल्या आठवड्यात त्याने नव्या पत्त्यासाठी पैसे मागितले. आईने विचारले आहे की दोघांपैकी खरे कोणाचे?

दोघांचेही थोडे थोडे खरे आहे. कसे, ते समजायचे तर खेळ आत जाऊन पाहावा लागेल. जी गोष्ट आपल्याला ठाऊक नाही तिच्याबद्दल घरात दिलेला निकाल मूल तोंडावर मानते आणि मनातून मानत नाही.

आपल्या माहितीतला पत्त्यांचा कॅट ५२ पानांचा असतो. बदाम सात खेळा की मेंढीकोट, कॅट तोच, सगळ्यांचा एकच. हर्थस्टोनमध्ये तसे नाही. ब्लिझार्ड या अमेरिकी कंपनीने २०१४ मध्ये आणलेल्या या खेळात प्रत्येक खेळाडू आपला कॅट आधी घरी बांधून आणतो. मुले त्याला डेक म्हणतात. डेकमध्ये ३० पत्ते असतात. साधा पत्ता जास्तीत जास्त दोनदा घालता येतो आणि ‘लेजेंडरी’ म्हणजे दुर्मीळ पत्ता एकदाच. दोन्ही खेळाडूंचे ३० प्राण असतात, ज्याचे आधी संपतील तो हरला. पत्ता टाकायला किंमत मोजावी लागते. पहिल्या पाळीला हातात एक खडा, दुसऱ्या पाळीला दोन, असे करत दहापर्यंत. सहा खड्यांचा पत्ता सहाव्या पाळीच्या आधी सहसा टाकता येत नाही.

म्हणजे निम्मा खेळ डाव सुरू होण्याआधीच होऊन जातो, आणि तुमचा मुलगा वहीत करतो तो हाच निम्मा खेळ. त्यात काय विचार असतो याचे एक उदाहरण घेऊ.

नोव्हेंबर २०१५ मध्ये या खेळात ‘रेनो जॅक्सन’ नावाचा पत्ता आला. किंमत सहा खडे. त्याचा गुण असा की तो टाकला की तुमचे सगळे प्राण भरून येतात. दोन उरले असतील तर पुन्हा तीस. मात्र एक अट होती. पत्ता टाकताना तुमच्या उरलेल्या डेकमध्ये कोणताही पत्ता दोनदा असता कामा नये.

अट छोटी दिसते, पण तिने सगळा हिशोब उलटा केला. एरवी खेळाडू आपले पंधरा उत्तम पत्ते निवडतो आणि बहुतेक प्रत्येकी दोन घालतो. आता तीस वेगवेगळे पत्ते हवेत. म्हणजे यादीतला सोळावा, विसावा, तिसावा पत्ताही आत येणार, जो एरवी दारातही उभा राहिला नसता. शिवाय हवा तो पत्ता हाती येण्याची शक्यता कमी होते. पहिली पाळी तुमची असेल तर सुरुवातीला तीन पत्ते मिळतात आणि सहाव्या पाळीपर्यंत आणखी सहा, असे एकूण नऊ. डेकमध्ये एकच असलेला पत्ता या नवांत असण्याची शक्यता ३० पैकी ९, म्हणजे ३० टक्के. तोच पत्ता दोनदा घातला असता तर ही शक्यता सुमारे ५२ टक्के झाली असती. सुरुवातीचे नको असलेले पत्ते एकदा बदलून घेता येतात, त्याने आकडा थोडा वाढतो. तरीही दर तीन डावांतल्या जवळजवळ दोन डावांत रेनो वेळेवर येत नाही, आणि तेव्हा उरलेल्या २९ पत्त्यांवरच तग धरावा लागतो.

मग जाणकारांनी विचार केला की रेनो लवकर शोधायचा कसा? खेळात एक पात्र असे आहे की ते दोन खडे आणि स्वतःचे दोन प्राण मोजून दर पाळीला एक जादा पत्ता ओढू शकते. प्राण घालवून पत्ते घेणे एरवी धोक्याचे. पण रेनो आला की घालवलेले प्राण परत मिळतात. चार जादा पत्ते ओढले तर नवाचे तेरा होतात आणि शक्यता ४३ टक्क्यांवर जाते. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढली. त्या पात्राचा आणि रेनोचा डेक पुढे बराच काळ गाजला.

त्यातही एक बारकावा होता. अट उरलेल्या डेकला लागू होती, हातातल्या पत्त्यांना नव्हे. म्हणून काही खेळाडू मुद्दाम एखादी जोडी ठेवत. जोडीतला एक पत्ता हाती आला की डेकमध्ये एकच उरला, अट पुरी. पण रेनो आधी आला आणि जोडी डेकमध्येच राहिली तर तो नुसता पडून राही. किती जोखीम घ्यायची, हे ज्याने त्याने ठरवायचे.

बहिणी, तुमचा मुलगा वहीत हेच करत असेल तर तो शक्यता मोजतो आहे, एका गोष्टीसाठी दुसरी सोडायला शिकतो आहे, आणि आवडता पत्ता उपयोगाचा नसेल तर तो काढून टाकतो आहे. या विचाराला जुगार म्हणणे अन्यायाचे होईल. आपल्याकडे बुद्धीच्या खेळांची परंपरा जुनी आहे. अब्बासी दरबारात शतरंजचे उस्ताद होते, त्यांनी त्यावर ग्रंथ लिहिले. दहाव्या शतकातल्या अस्-सूलीचे नाव आजही बुद्धिबळाच्या इतिहासात घेतले जाते. पत्त्यांचेच म्हणाल तर मोगलांसोबत आलेला गंजिफा आपल्या सावंतवाडीत आजही हाताने रंगवला जातो. शतरंजबद्दल फकीहांमध्ये मतभेद होते हेही खरे. पण शर्त लावली, नमाज सुटली, कामधंदा बुडाला की तो खेळ वाईट, यावर फारसे दुमत नव्हते. सन २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत हर्थस्टोन प्रात्यक्षिक खेळ म्हणून होता, आणि त्यात भारताच्या तीर्थ मेहताने कांस्यपदक मिळवले. तेव्हा मुलाचे म्हणणे अगदीच पोकळ नाही.

आता आजोबांची बाजू.

नवा पत्ता येतो कुठून? रेनोच्या वेळची रीत सरळ होती. ७०० नाणी किंवा ठरलेली रक्कम भरा, खेळाचा तो भाग पार करा, पत्ता तुमचा. नाणी खेळूनही जमत. काय घेतो आहोत आणि किती देतो आहोत, दोन्ही माहीत. दुकानातून वही घेण्यासारखा हा सौदा. सन २०१७ पासून मात्र कंपनीने ही रीत बंद केली. आता वर्षातून तीन वेळा पत्त्यांचा मोठा नवा संच येतो आणि तो मुख्यतः बंद पाकिटांतून मिळतो. एका पाकिटात पाच पत्ते. आत काय आहे ते फोडल्यावरच कळते. लेजेंडरी पत्ता सरासरी वीसेक पाकिटांत एकदा निघतो, नशीब फारच रुसले तर चाळिसाव्यात नक्की. एका संचात असे पत्ते वीसहून अधिक असतात. तुम्हाला हवा तोच निघेल याची हमी नाही.

पैसे ठरलेले, माल अंधारात. फोडताना झगमगाट, आवाज, आणि नाही निघाले तर ‘आणखी एक’. आजोबांच्या नाकाला वास आला तो इथला. सूरह माइदामध्ये मैसिरची मनाई शराबच्या जोडीने आली आहे, आणि तिथेच वैर आणि नमाजपासून दूर जाणे ही कारणेही सांगितली आहेत. अनिश्चित मालाच्या सौद्याला फिकहमध्ये गरर म्हणतात. मी मुफ्ती नाही, फतवा देणे माझे काम नाही. आपल्या विश्वासातल्या आलिमांना ही पद्धत नीट समजावून विचारा. ‘मोबाईलवरचे पत्ते जायज आहेत का?’ असे मोघम विचारू नका. ‘पैसे देऊन बंद पाकीट घेतले, आत काय निघेल माहीत नाही,’ असे विचारा. नेमक्या प्रश्नाला नेमके उत्तर मिळते.

हा संशय केवळ आपल्यालाच आलेला नाही. बेल्जियमच्या जुगार आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये काही खेळांतल्या अशा बंद पेट्यांना जुगार ठरवले. त्यात याच कंपनीचा दुसरा एक खेळही होता आणि तिथे कंपनीला त्या पेट्यांची विक्री थांबवावी लागली. आपल्या देशात ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर, रमीच्या अ‍ॅपसारख्या, त्याने बंदी घातली. हर्थस्टोनमध्ये पैसे परत मिळत नाहीत, म्हणून तो त्या रांगेत बसत नाही. पण कायद्याने सोडले म्हणजे घराने सोडावे असे नाही.

आणखी दोन गोष्टी मुलाला समजावून सांगाव्यात. पहिली, नवा पत्ता एकटा येत नाही. रेनोसाठी तीस वेगळे पत्ते लागले, त्यांत कित्येक दुर्मीळ. पत्ता एक, खर्च तिसांचा. दुसरी, घेतलेले टिकत नाही. खेळाच्या मुख्य स्पर्धेतून जुने संच दरवर्षी बाहेर काढले जातात. रेनो नोव्हेंबर २०१५ ला आला आणि एप्रिल २०१७ ला त्या स्पर्धेतून गेला. दीड वर्षाच्या आत! घामाच्या कमाईचे पैसे अशा वस्तूत घालायचे की नाही, हा इसराफचा प्रश्न आहे, आणि अकरावीतला मुलगा तो समजू शकतो.

चित्रांचाही प्रश्न आहे. खेळात जादूगार आहेत, राक्षस आहेत. मी वर सांगितलेले, प्राण मोजून पत्ते ओढणारे पात्र सैतानी शक्तींशी व्यवहार करणारे दाखवले आहे. काही पालक इथेच थांबतील आणि तो त्यांचा हक्क आहे. थांबवायचे असेल तर कारण सांगून थांबवा.

चालू ठेवायचे ठरले तर घरात एवढे नियम असावेत असे मला वाटते.

पैसे देऊन पाकीट घ्यायचे नाही. रोजच्या कामगिरीतून नाणी मिळतात, १०० नाण्यांत एक पाकीट येते, तेवढ्यावर भागवायचे. मोबाईलला आई-वडिलांचे यूपीआय किंवा कार्ड जोडलेले ठेवू नका.

हवा असलेला पत्ता पाकिटात शोधण्यापेक्षा घडवायचा. नको असलेले पत्ते मोडून त्यांचा चुरा मिळतो. १६०० चुऱ्यात मनाजोगता लेजेंडरी पत्ता बनतो, पण लेजेंडरी मोडला तर ४०० च मिळतात. चार मोडावे तेव्हा एक. मोडण्याआधी तीन दिवस थांबायचे, हा नियम मुलानेच स्वतःला घालून घ्यावा.

नवा संच आला की पहिले दोन आठवडे काही घडवायचे नाही. सुरुवातीला प्रत्येक पत्ता भारी वाटतो. जगभरचे लोक खेळून पाहतात तेव्हा त्यातले मोजकेच टिकतात. कधी कंपनीच पत्त्याचा गुण कमी करते. आहे त्या पत्त्यांत डेक बांधणे, यातच खरी हुशारी दिसते.

शेवटचा नियम वेळेचा. डाव मध्येच थांबवता येत नाही. पाळी ७५ सेकंदांची, ती संपली की खेळ पुढे सरकतो. म्हणून अजानला वीस मिनिटे उरली असताना नवा डाव सुरू करायचा नाही. सुरू झालेल्या डावात मुलाला हाक मारून चिडण्यापेक्षा हा नियम आधी ठरवलेला बरा.

बहिणी, एक काम मात्र आधी करा. मुलाची ती वही मागा आणि त्याला सांगा, दादाजानांना समजावून दे. हा पत्ता का ठेवला, तो का काढला? तीस पत्त्यांचे कारण जो शांतपणे सांगू शकेल त्याच्या बुद्धीची काळजी करू नका. आणि एखाद्या पत्त्यापाशी अडखळून तो ‘हा विकत घ्यावा लागेल’ म्हणाला, तर तिथून पुढचे आजोबांना बोलू द्या. त्या जागेवर त्यांचा अनुभव मोठा आहे.

अल्लाह आपल्या मुलांच्या बुद्धीत आणि वेळेत बरकत देवो. आमीन.