वीजबिल वर्गात नेताना

मूल्यभेद शिकवताना आपण वर्षानुवर्षे तीच उदाहरणे देत आलो: गरिबाकडून कमी फी घेणारा डॉक्टर, रेल्वेचे वर्ग, हल्ली विमानाचे तिकीट. आता बरेच शिक्षक त्यांच्या जोडीला महावितरणचे बिल काढतात. काढावेच. मुलांच्या घरी येणारा कागद आहे, मुंबईसारखे अपवाद सोडले तर बहुतेक गावांत वीज विकणारा एकच आहे, आणि त्याच युनिटला घरगुती, व्यापारी, औद्योगिक, शेतीपंप असे निरनिराळे दर आहेत. यंत्रमागाचा तर स्वतंत्र. पण ‘हा बघा मूल्यभेद’ म्हणून पुढचा मुद्दा घेतला, तर मुले नेमके चुकीचे तेवढे लक्षात ठेवतात.

बाजार वेगळे राखण्याचा भाग या बिलावरून जितका छान समजतो तितका कुठल्याच उदाहरणावरून समजत नाही. स्वस्तात घेणाऱ्याला तो माल महाग घेणाऱ्याकडे वळवता येऊ नये, ही अट पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकते. इथे घरच्या मीटरवरून खालच्या दुकानात वायर ओढून बघा: २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि लागू दराच्या दुप्पट आकारणी होते. भिंत आपोआप उभी राहत नाही, कोणीतरी ती राखावी लागते, हे मुलांना लगेच पटते.

अडचण पुढे आहे. मक्तेदार प्रत्येक बाजारात सीमांत प्राप्ती सीमांत खर्चाइतकी होईल असा दर लावतो. फळ्यावर मांडून बघू. सीमांत खर्च ५ रुपये. एका गटाची लवचीकता २, दर निघतो १० रुपये. दुसऱ्याची ५, दर सव्वासहा रुपये. लवचीकता कितीही वाढवा, दर ५ रुपयांच्या खाली येत नाही. आता शेतीपंपाचा दर घ्या. तो पुरवठ्याच्या सरासरी खर्चाच्याही बराच खाली असतो. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना तर २०२४ पासून बिलच माफ आहे, पैसे सरकार भरते. (सरासरी आणि सीमांत खर्च एक नव्हेत, हे हुशार विद्यार्थी विचारेलच, विचारू द्या.) नफा वाढवू पाहणारा कोणताही मक्तेदार असा दर लावणार नाही. हे क्रॉस सबसिडीचे (काही ग्राहकांकडून जादा दर घेऊन इतरांचा दर कमी ठेवण्याचे) आणि अनुदानाचे काम आहे, आणि दर ठरवतो तो वीज नियामक आयोग. कलम ६२ आयोगाला ग्राहकांत फरक करू देते तो लोड फॅक्टर, दाब, वेळ, ठिकाण, वापराचा हेतू अशा आधारांवर. लवचीकतेचा त्यात उल्लेख नाही.

स्लॅबचेही तसेच. पिगूने १९२० मध्ये मांडलेल्या तीन श्रेणींपैकी दुसरीचे उदाहरण म्हणून आपण जास्त खरेदीवरची सूट सांगतो. घरगुती बिलात १००, ३००, ५०० युनिट ओलांडले की दर उलटा चढतो. काही मार्गदर्शकांत हेच बिल दुसऱ्या श्रेणीचा नमुना म्हणून छापलेले दिसते, ते आमच्या मते खोडून टाकावे.

मग लवचीकता या बिलात कुठेच नाही का? आहे, पण ती दर ठरवणाऱ्याच्या सूत्रात नाही, कारखानदाराच्या हातात आहे. एके काळी त्याला दुसरीकडून वीज घेता येत नव्हती, म्हणून शेतीपंपांच्या स्वस्त दराचा भार त्याच्यावर टाकणे सोपे होते. ओपन ॲक्सेस, म्हणजे दुसऱ्या पुरवठादाराकडून वीज घेण्याची मुभा, आला, छपरावर आणि माळावर सौर पॅनेल आले, आणि मोठे ग्राहक निघून जाऊ लागले. जाणाऱ्यावर क्रॉस सबसिडी अधिभार लागतो, त्याचे कारण हेच. स्वतःच्या वापरासाठी वीज निर्माण करणाऱ्याला कायद्याने तोही माफ केला आहे.

सत्र परीक्षेत असा प्रश्न घालून पाहा: औद्योगिक ग्राहकांची लवचीकता वाढली, तर नफा पाहणारा मक्तेदार त्यांचा दर कमी करील की जास्त, आणि शेतीपंपाचा भार वाहायचा असलेली वितरण कंपनी काय करील? दोन्हींना एकच उत्तर लिहिणाऱ्याला निम्मेच गुण द्या.