बडोद्याच्या बड्या हॉटेलात बुजू नका

लग्न-मुंजीसाठी बडोद्याला निघालेल्या मराठी माणसाची उतरायची सोय पूर्वी दांडिया बाजारात नाहीतर रावपुऱ्यात, नात्यातल्या कुणाच्या तरी घरी व्हायची. आता यजमान अलकापुरीतल्या नाहीतर अकोट्यातल्या बड्या हॉटेलात खोल्या घेऊन ठेवतात. किंवा परदेशातली मुलं ‘या वेळी जरा आरामात राहा’ म्हणून परस्पर बुकिंग करून मोकळी होतात. आनंद आहे. फक्त त्या चकचकीत लॉबीत पाऊल पडलं की आपला आवाज खाली जातो, कशाचे किती पडतील हे विचारायची लाज वाटते, आणि निघताना बिल पाहून तोंड कडू होतं. तेव्हा विचारत चला. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याघरचा गोपाळ १८७५ मध्ये, बाराव्या वर्षी, ज्या शहरात येऊन सयाजीराव महाराज झाला, तिथे आपण रिसेप्शनसमोर कशाला चाचरायचं?

सुरुवात भाड्यापासून. ॲपवर मोठ्या अक्षरांत दिसतो तो आकडा बहुधा कर सोडून असतो. सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के जीएसटी आहे आणि त्याच्या वर गेलं की सरळ १८ टक्के. म्हणजे ७,२०० रुपयांची खोली ७,५६० ला पडते आणि ७,८०० ची ९,२०४ ला. भाड्यातला फरक सहाशेचा, खिशातला १,६४४ चा! साडेसात हजारांच्या आसपासची खोली बघत असाल तर हॉटेलला थेट फोन लावा आणि ‘करासकट, नाश्त्यासकट शेवटचा आकडा सांगा’ असं स्वच्छ म्हणा. घासाघीस करायला हरकत नाही, मोठ्या हॉटेलातही भाव हलतात. नवरात्रात मात्र आशा धरू नका. गरब्यासाठी अख्खं जग बडोद्यात उतरतं, त्या दिवसांचं बुकिंग लवकर करा आणि रद्द केलं तर किती पैसे कापतील तेही तेव्हाच विचारून ठेवा.

मुंबईहून रात्री सुटणाऱ्या बऱ्याच गाड्या बडोद्याला भल्या पहाटे पोचतात आणि खोली मिळते दुपारी दोनच्या सुमारास. आदल्या दिवशी फोन करून लवकर खोली मिळेल का ते विचारा, रिकामी असली तर देतात. नसली तरी सामान ठेवून घेतात आणि हात-तोंड धुवायची सोय करतात, पण तोंड उघडून मागावं लागतं. अलकापुरीत उतरणार असाल तर स्टेशनातून अलकापुरीच्याच बाजूने बाहेर पडा. पावसाळ्यात तर नक्कीच, कारण पलीकडून यायचं तर मधल्या गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यात, पाणी तुंबतं.

खोली देताना अनामत म्हणून कार्ड मागतात. शक्यतो क्रेडिट कार्ड द्या. त्यावर रक्कम नुसती अडकवून ठेवतात. डेबिट कार्डातून मात्र पैसे खरोखर खात्यातून जातात आणि परत यायला कधीकधी बरेच दिवस लागतात. किती अडकवणार, कधी सोडणार, हे सही करण्याआधी विचारा. खोलीत गेल्यावर टेबलावरच्या कोणत्या बाटल्या फुकट आणि कोणत्या विकत, हेही फोन उचलून विचारावं. बाटलीबंद पाण्याला हॉटेलं छापील किमतीपेक्षा जास्त घेऊ शकतात, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच तसं म्हटलं आहे. भांडण करून उपयोग नाही, आधी विचारण्याचा आहे. साबण, कंगवा, टूथब्रशची पुडी खुशाल न्या. टॉवेल नको.

नाश्ता भाड्यात असेल तर पोटभर करा. जेवायला मात्र बाहेर पडा, असं माझं स्पष्ट मत आहे. महागड्या खोल्या असलेल्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये, आणि खोलीत मागवलेल्या जेवणावरही, १८ टक्के कर लागतो. बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटात ५. शिवाय बडोद्यात येऊन सेव-उसळ न खाता हॉटेलातलं पनीर बटर मसाला खाणाऱ्याला काय म्हणावं! आपल्या मिसळीची ही सख्खी बहीण आहे. वर तिखट तर्री वेगळी मिळते, ती जपून घ्या.

एक गोष्ट गमतीवारी नेऊ नका. गुजरातेत दारूबंदी आहे. मुंबई-पुण्याहून बॅगेत बाटली टाकून नेणं हा तिथे गुन्हा आहे, हॉटेल कितीही तारांकित असलं तरी. परराज्यातल्या पाहुण्यांना तात्पुरतं परमिट मिळतं. ओळखपत्र आणि प्रवासाचं तिकीट जवळ ठेवा आणि काय करायचं ते रिसेप्शनवर विचारा.

राजवाड्यात राहायला मिळेल, अशीही काहींची समजूत असते. १८९० मध्ये पूर्ण झालेला लक्ष्मी विलास पॅलेस हे हॉटेल नाही. गायकवाड घराणं आजही तिथे राहतं, आपण तिकीट काढून बघायचा.

गाडी घेऊन गेलात आणि किल्ली दारावरच्या माणसाकडे दिलीत तर पावती घ्या. ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’ असं मागे छापलेलं असलं तरी घाबरू नका. हॉटेलने ताब्यात घेतलेली गाडी हॉटेलच्या निष्काळजीपणामुळे चोरीला गेली तर तेवढ्या छापील ओळीने ते सुटत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल आहे. चोरी दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलातली होती आणि गाडी होती साधी मारुती झेन.

निघायच्या आदल्या रात्रीच बिलाची प्रत मागवा. सकाळी गाडीची घाई, मुलांची रडारड, तेव्हा कोण ओळ न् ओळ वाचणार? न घेतलेलं काही लावलंय का, नाश्त्याचे पैसे दुसऱ्यांदा धरलेत का, ते बघा. ‘सर्व्हिस चार्ज’ अशी ओळ दिसली तर ती काढायला सांगा. जुलै २०२२ च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो आपोआप लावता येत नाही आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना उचलून धरल्या. ज्याने बॅगा वर आणल्या, जिने रोज खोली आवरली, त्यांच्या हातात काय ठेवायचं ते तुम्ही ठरवा आणि थेट त्यांच्याच हातात ठेवा. काउंटरवरचा माणूस ऐकत नसेल तर आवाज न चढवता मॅनेजरला बोलवा. तरीही नाही जमलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, मराठीत बोललात तरी चालतं.