माल आपला, मजुरी त्यांची



ज्या चाकणने १९८० साली कांद्याचे आंदोलन पाहिले, तिथे आज मोटारींचे कारखाने आहेत. आपल्यातल्या कित्येकांची पोरे तिथे कामाला आहेत. सणाला घरी आली की विचारा, मोठी कंपनी भोसरीच्या छोट्या शेडला काम देते तेव्हा लोखंड कुणाचे? जॉबवर्क असेल तर कंपनीचे. चलनावर माल लिहून जातो, शेडवाल्याला फक्त मजुरी. २०१७ च्या जीएसटी कायद्यानेही तो माल वर्षाच्या आत परत यायला हवा. छिलक्याचासुद्धा हिशेब!

सरकारही यात कच्चे नव्हते. १९७२ पासून एकाधिकार योजनेत आमचा कापूस घेतला, जिनिंगवाल्याला पिंजाईची मजुरी दिली, रुई-सरकी आपल्याकडे ठेवली.

आणि आपण? विहिरीवरची मोटार जळाली की दुकानात टाकून येतो, "काय लागेल ते घाला, आकडा सांगा." जुने तांबे किती निघाले, नवे किती भरले, कोण विचारतो? तांबे आपले. ते वजन करून मागा, नाहीतर बिलातून वजा करा. घराच्या स्लॅबची सळई स्वतः आणा. १२ मिलीमीटरची १२ मीटर सळई साडेदहा किलोच्या वर भरली पाहिजे. भरत नसेल तर दुकानदाराला तिथेच धरा.

मिस्त्री म्हणतो, माल तुमचा तर जबाबदारीही तुमची. यात तथ्य आहे. म्हणून बेअरिंगसारखी वस्तू त्याच्याच हातून घ्यावी आणि गॅरंटी लिहून घ्यावी. पण जे काट्यावर मोजता येते, ते त्याच्या हवाली कशाला?

खरी गोम वेगळीच आहे. माल आणायला रोख लागते. कपाशी घरात येण्याआधी कोरडवाहू शेतकऱ्याच्या खिशात रोख कुठली? म्हणून मिस्त्रीची उधारी, आणि तिचे व्याज मालाच्या दरात दडलेले. कापसाचा भाव पाडणारे धोरण असे गवंड्याच्या बिलातही उतरते. आम्हाला हिशेब कळत नाही म्हणून हिणवणाऱ्या शहाण्यांनी हे आधी समजून घ्यावे.

आता कापसाचे. १०० किलोत ३३ ते ३५ किलो रुई, बाकी बहुतेक सरकी. मजुरी देऊन पिंजून घेतला तर दोन्ही आपल्या हातात. एकट्याच्या पाच-दहा क्विंटलसाठी जिन चालू होणार नाही, गावाचा कापूस एकत्र करावा लागेल. जिल्हा बैठकीला येताना तालुक्यातल्या जिनिंगचा क्विंटलमागे मजुरीचा दर विचारून या.