विकतचा नाताळ

आगमनकाळ सुरू झाला की आमच्या वसईत ठिकठिकाणी पाट्या लागतात : ‘नाताळच्या फराळाची ऑर्डर घेतली जाईल.’ केक, करंज्या, कुलकुल, सारे डब्यांत बंद होऊन घरपोच मिळते. या व्यवसायावर अनेक भगिनींचे संसार चालतात, हे आम्ही जाणतो. त्यांच्याशी आमचे भांडण नाही. आमचे भांडण आहे ते आपल्या घरांशी. ज्या घरात नाताळचे सर्व काही विकत येते, त्या घरात कुटुंबाने मिळून करायचे असे काय उरते?

गतवर्षी नाताळच्या आठवड्यात आम्ही एका घरी गेलो होतो. दिवाणखान्यात छताला टेकणारे झाड, त्याखाली भेटवस्तूंची रास, आणि कोचावर चौघे जण चार मोबाइलांत गढलेले. आजी आतल्या खोलीत एकट्या होत्या. “आजी, यंदा कुलकुल कुणी केले?” आम्ही विचारले. “आणले, फादर,” त्या म्हणाल्या, आणि थोडे थांबून, “माझे हात अजून चालतात हो.” त्यावर आम्हांला उत्तर सुचले नाही.

कुलकुल हा मुळी एकट्याने करण्याचा पदार्थ नव्हे. मैदा, अंडे आणि नारळाचे दूध घालून पीठ मळावे, त्याच्या इवल्या गोळ्या काट्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या फणीवर दाबून वळाव्यात, तळाव्यात आणि साखरेच्या पाकात घोळाव्यात. अशा शेकडो वळायच्या म्हणून लहानथोर सारे भोवती बसत. कुणाचे वाकडे झाले की हशा, कुणाचे अधिक झाले की पैज, मधूनच गाण्यांच्या भेंड्या. खेळ वेगळा मांडावा लागत नसे. बेथलेहेमची कथाही मुलांच्या कानी प्रथम तेथेच पडे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली कुटुंबाला ‘घरगुती ख्रिस्तसभा’ म्हटले. ती भरायची कुठे, तर अशाच बैठकीत!

यावर कुणी म्हणेल, “फादर, विरार लोकलमध्ये उभ्याने प्रवास करून आलेल्या सुनेने पुन्हा चुलीपुढे उभे राहायचे काय?” मुळीच नाही. तिच्या एकटीच्या पाठीवर नाताळ लादणे हा अन्याय आहे, आणि पूर्वी तो आपण पुष्कळ केला आहे. कणीक मळायला पुरुषांचे दंड का चालू नयेत? मुलग्यांना फणी का धरता येऊ नये? चार जणांनी अर्धा किलो मैद्याचे केले तरी पुरे. पदार्थ थोडे झाले तरी चालतील. हात सर्वांचे लागले पाहिजेत.

भेटवस्तूंचेही तेच. किमतीवरून माया मोजायला मुलांना आपणच शिकवतो. त्याऐवजी घरातल्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकाव्यात. ज्याला जे नाव येईल, त्याने नाताळपर्यंत त्या व्यक्तीची गुपचूप सेवा करावी आणि नाताळच्या दिवशी स्वतः केलेली एखादी वस्तू तिला द्यावी. या खेळात आजीचीही चिठ्ठी असते, हे विशेष.

दोष आम्हा धर्मगुरूंचाही आहे. गोठ्यांच्या स्पर्धांत आम्ही रोषणाईला बक्षिसे दिली आणि बांबूच्या कामट्यांना पतंगी कागद चिकटवून केलेला तारा मागे पडला. १२२३ साली ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस असिसीकर यांनी मांडलेल्या गोठ्यात गव्हाणी, गवत, बैल आणि गाढव एवढेच होते. त्याच गावी १ डिसेंबर २०१९ रोजी दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी गोठ्याविषयीच्या पत्रावर स्वाक्षरी केली आणि ही परंपरा मुले आईवडील व आजीआजोबांकडून शिकतात याची आठवण दिली. दुकान ती शिकवू शकत नाही.

दिवाळीला शेजारून आलेल्या ताटातील करंजी शेजारणीच्या हातची असते. त्या ताटाची परतफेड आपण दुकानाच्या डब्याने करावी, हे आम्हांला शोभत नाही.

पवित्र मरियेने आपल्या बाळाला स्वतःच्या हातांनी गुंडाळून गव्हाणीत ठेवले. तेव्हा वाचकहो, येत्या आगमनकाळातील एक रविवार राखून ठेवा. मिस्साहून परतल्यावर मोबाइल कपाटात ठेवा, पीठ मळा, आणि आजीला आतल्या खोलीतून बाहेर बोलवा. फणी कशी धरायची, ते त्यांनाच ठाऊक आहे.