चालायला निघालं की पोट का धावतं?



आजचा विषय आपण मंडळात कधी काढत नाही, पण तो अनेक घरांत आहे. पहाटे चालायला निघताना सगळं ठीक असतं. वीस मिनिटं झपझप चाललं की पोटात मुरडा येतो आणि आत्ताच्या आत्ता संडासला जावं लागेल असं वाटतं. वडूजसारख्या गावात, वस्ती संपलेल्या रस्त्यावर, बाईनं जायचं कुठे? असं दोनदा झालं की तिसऱ्या दिवशी ती निघतच नाही. विचारलं तर म्हणते, गुडघे दुखतात. साखर आणि रक्तदाबासाठी डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं असं गुपचूप सुटतं. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे, लाज सोडा, चालणं सोडू नका.

असं होतं ते का? जोराचा व्यायाम सुरू झाला की रक्त पायांच्या स्नायूंकडे वळतं. आतड्यांचा रक्तपुरवठा कमी होतो. फार कठीण व्यायामात तो ८० टक्क्यांपर्यंतही घटू शकतो. त्यात पावलांचे हादरे बसतात आणि आतड्यांची हालचाल वाढते. मनात धास्ती असेल तर आणखीच. धावण्यात हे जास्त होतं, भरभर चालण्यात कमी. २००५ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये पॉला रॅडक्लिफला हजारो लोकांसमोर रस्त्याच्या कडेला बसावं लागलं. ती उठली, धावली आणि शर्यत जिंकली. जगातल्या अव्वल धावपटूला जे झालं, ते आपल्याला झालं तर त्यात खाली मान घालण्यासारखं काय आहे?

आता उपाय. सकाळी आतडी आपोआप जागी होतात, आणि गरम चहा पोटात गेला की त्यांना आणखी जोर येतो. चहा घेऊन लगेच निघणं म्हणजे अर्ध्या रस्त्यात अडचण ओढवून घेणं. अर्धा-पाऊण तास आधी उठा, कोमट पाणी घ्या, पोट साफ होऊ द्या, मग निघा. नवकारसी पाळणाऱ्यांना सूर्योदयानंतर ४८ मिनिटं पाणीही चालत नाही. त्यांनी आदल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी थोडं थोडं करून पुरेसं पाणी प्यावं आणि सकाळी बेतानं चालावं, नाहीतर फेरी संध्याकाळी ठेवावी. कडक उपवासात झपझप चालणं नकोच. संडासला लागेल म्हणून पाणी तोडणं तर मुळीच नको. माण-खटावच्या उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी झालं की पोट जास्तच बिघडतं.

आपलं चौविहाराचं जेवण इथे उपयोगी पडतं. रात्रभर पोटाला विसावा मिळतो. कांदा-लसूण नसतो, हेही बरंच. ते काहींच्या पोटात वायू आणि मुरडा करतात. पण त्याच संध्याकाळी मटकीची उसळ, हरभरा, तळलेलं फरसाण झालं तर तो फायदा गेला. त्रास असेल तर आदल्या संध्याकाळी मूगडाळीची खिचडी घेऊन पाहा. काहींना दूध पचत नाही. दोन आठवडे दूध आणि दुधाचा चहा बंद ठेवा, फरक कळेल. साखरेऐवजी गोडी आणणाऱ्या काही पदार्थांनीही पोट सैल होतं. रोज काय खाल्लं आणि कधी त्रास झाला, ते हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहा. महिन्याभरात दोषी कोण ते सापडतं.

औषधांकडेही पाहा. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने अनेकांना जुलाब होतात. गोळी मनानं बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. त्यांना वेळ किंवा गोळीचा प्रकार बदलता येतो. गुडघ्यांसाठी आयबुप्रोफेनसारखी गोळी घेऊन चालायला निघण्याची सवय असेल तर तीही मोडा, ती आतड्यांना झोंबते.

चालताना पहिली दहा मिनिटं सावकाश चाला, वेग आठवड्या-आठवड्यानं वाढवा. सरळ दूर जाण्यापेक्षा घराभोवती गोल फेऱ्या मारा. कळ आलीच तर पळू नका. थांबा, गुदद्वाराचे स्नायू आवळून धरा, शांत श्वास घ्या. लाट ओसरते, मग हळूहळू घर गाठा. बाळंतपणात हे स्नायू सैल झालेले असतात. रोज आवळण्या-सोडण्याचा व्यायाम केला तर काही आठवड्यांत जोर येतो. शिखरजीची २७ किलोमीटरची वंदना मनात असेल, तर ही सगळी तयारी महिना-दोन महिने आधी सुरू करा.

मात्र शौचात रक्त दिसणं, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठून जावं लागणं, अंगात रक्त कमी होणं, किंवा पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर सवय अचानक बदलणं, यातलं काहीही असेल तर ते चालण्यामुळे आहे असं म्हणून सोडू नका. डॉक्टरांना दाखवा. लाजेपायी इथे उशीर झाला तर तो जिवावर बेततो.

आणि लाज कशाची? आपल्या पाच समित्यांमध्ये पहिली ईर्या समिती, म्हणजे जपून चालणं. पाचवी उत्सर्ग समिती, म्हणजे मलमूत्र कुठे आणि कसं टाकावं याची काळजी. शास्त्रकारांनी चालणं आणि उत्सर्ग एकाच यादीत घातले. त्यांना संकोच वाटला नाही, मग आपण का गप्प बसायचं?

म्हणूनच माझी एक मागणी आहे. मंदिर, स्थानक, मंगल कार्यालय, जिथे आपल्या समाजाचं संडास आहे, तिथलं निदान एक दार पहाटे पाच ते आठ बायकांसाठी उघडं असावं, पाण्यासकट. किल्ली एका घरी ठेवायची आणि सफाईचा खर्च वाटून घ्यायचा. फिरायच्या रस्त्यांवर अशी सोय नगरपंचायतीकडेही मागू या. बैठकीत हा विषय पुरुष काढणार नाहीत. पुढच्या बैठकीत आपणच काढू या, दोघी-तिघींनी मिळून.