फॉरमॅट मारायलाच हवा का, बॉस?

शुक्रवारची संध्याकाळ, सोमवारची डेडलाइन आणि माझा पीसी दर अर्ध्या तासाला आपोआप बंद! लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराने निदान केलं, 'मदरबोर्ड चाललाय, मॅडम. नवा टाकू, फॉरमॅट मारू.' पोटात गोळाच आला. सहा वर्षांच्या मुलाखती, अर्धवट लेख आणि आजीच्या आवाजातली रेकॉर्डिंग्ज, सगळं त्याच एका डिस्कवर. म्हटलं, 'फॉरमॅट नको, उद्या येते.'

तसा त्याचाही दोष नाही. २००१ साली आलेल्या एक्सपीच्या जमान्यात बोर्ड बदलला की विंडोज बरेचदा निळा स्क्रीन दाखवून मोकळं व्हायचं, कारण नव्या डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हरच त्याच्याकडे नसायचा. विंडोज १० आणि ११ मात्र नवा बोर्ड ओळखून बहुतेक वेळा स्वतःच जुळवून घेतात.

फक्त मशीन सुरू होतंय तोवर चार कामं उरका. एक, दुसऱ्या डिस्कवर बॅकअप. नो एक्स्क्यूज! दोन, बिटलॉकर. तो अनेक मशीन्सवर आपल्या नकळत चालू असतो आणि बोर्ड बदलला की डिस्कला कुलूप ठोकतो. म्हणून तो आधी सस्पेंड करा आणि ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवा. तीन, विंडोजचं लायसन्स मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडा. नंतर अॅक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमध्ये 'हार्डवेअर बदललं' असं सांगता येतं. पण लायसन्स मशीनसोबत आलेलं ओईएम असेल, तर ते जुन्या बोर्डाशीच बांधलेलं असतं. मग नवं घ्यावं लागतं. चार, बायोसचे फोटो काढा. यूईएफआय की लेगसी, एएचसीआय की रेड, जुनं जे असेल तेच नव्या बोर्डवर ठेवा.

शनिवारी बोर्ड बसला. पॉवर बटण दाबलं आणि समोर निळ्या पडद्यावर मागणी: रिकव्हरी की द्या. घाईत मी सस्पेंड करायलाच विसरले होते! पर्समधला कागद काढला, ४८ आकडे टाइप केले. दोन रीस्टार्ट, मग तोच वॉलपेपर, तोच अर्धवट लेख. पहिलं काय केलं? आजीचं रेकॉर्डिंग लावलं. दुकानदारही ऐकत उभा राहिला.

तर मंडळी, बोर्ड जाण्याची वाट बघू नका. आज घरी गेल्यावर ती की लिहून ठेवा. कागदावर हं, त्याच पीसीत नाही!