पैनगंगेच्या दोन तीरांवरील निकाल

पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील गोंड व कोलाम कुटुंबांच्या सोयरिकी निजामाच्या अमदानीतही नदी ओलांडून जुळत, आणि दक्षिणतीरी तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातले भीमपूर व उत्तरतीरी महाराष्ट्रातला यवतमाळ जिल्हा अशी सरकारदप्तरी वाटणी झाल्यावरही त्या जुळतच राहिल्या आहेत. म्हणूनच या रक्तसंबंधांबरोबर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या सिकलसेल व्याधीचा निकाल एका तीरावर सिद्ध होऊन दुसऱ्या तीरावर अज्ञात राहिला, तर तो असून नसल्यासारखाच होय.

आई आणि बाप दोघेही वाहक, म्हणजे आरोग्यसेवकांच्या बोलीत ‘एएस’, असले की प्रत्येक गर्भ ‘एसएस’ होण्याचा, अर्थात हाडासांध्यांच्या असह्य कळा, पंडुरोग आणि वारंवार रक्त चढवण्याची पाळी त्याच्या वाट्याला येण्याचा संभव चारांत एक असतो. जेथे पहिली परीक्षा विद्राव्यतेची होते, तेथे तिच्यावरून वाहक कोण आणि रुग्ण कोण हे ठरत नाही. त्यासाठी नमुना इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीकरिता प्रयोगशाळेकडे रवाना करावा लागतो, आणि येथून जी प्रतीक्षा सुरू होते, तिचा हिशेब मांडण्याची निकड फारशी कोणाला वाटत नाही.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. १७ राज्यांतील ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पूर्वी निर्मूलन हा त्याचा संकल्प असून, २०२५ पर्यंत तपासणीचा आकडा ६ कोटींच्या पुढे गेला, हे या देशाच्या आरोग्यइतिहासातील मोठेच कार्य आहे आणि त्याचे श्रेय मी मनःपूर्वक देतो. परंतु केंद्राच्या पोर्टलवर झालेली नोंद आणि मुलीचे लग्न ठरवायला बसलेल्या आईच्या हाती असलेला, तिला वाचता येणारा किंवा गोंडीत कोणी समजावून दिलेला कागद, यांत फार मोठे अंतर राहू शकते.

शास्त्राला वेळ लागतो, हे खरेच आहे, आणि त्या वेळेबद्दल तक्रार करणे अन्यायाचे ठरेल. नागपूरचे शुक्ल आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील या व्याधीची वार्ता १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये दिली, आणि हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने कळांचे आघात कमी होतात, हे त्यानंतर सदतीस वर्षांनी अमेरिकेतील सरकारी संशोधनाने सिद्ध केले. मात्र त्या संशोधनाची एक गोष्ट आपल्या अधिकाऱ्यांनी ध्यानी घ्यावी अशी आहे: लाभ निर्विवाद दिसताच तेथील संशोधकांनी प्रयोग मुदतीपूर्वी थांबवला आणि सविस्तर निबंध प्रसिद्ध होण्याची वाट न पाहता १९९५ च्या जानेवारीतच डॉक्टरांना सूचना धाडली. पुढे नागपूरच्याच इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील दीप्ती जैन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र आजार असलेल्या आपल्याकडील बालकांना अल्प मात्रेतही हे औषध गुणकारी ठरते असे दाखवले, आणि तो निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला. नागपूर आदिलाबादपासून सुमारे दोनशे किलोमीटर! तेथे सिद्ध झालेले ज्ञान भीमपुरातील एखाद्या लेकराच्या वेदनेपर्यंत पोहोचण्यास विलंब होत असेल, तर त्या विलंबाची जबाबदारी संशोधनावर नाही. ती अंमलदारांवर आहे.

जनुकीय उपचारांची आशा मलाही आहे, पण ती दूरची आहे. दरम्यान गोळी, फॉलिक आम्ल, रक्त आणि निकालाचा दाखला या चार गोष्टी आज मिळण्यासारख्या आहेत. यास्तव या सदरातून माझी मागणी इतकीच, की नमुना घेतानाच पावतीवर निकालाची तारीख लिहून द्यावी, ती टळल्यास कोणाकडे अर्ज करावा तेही नमूद करावे, आणि आदिलाबाद व यवतमाळ या दोन्ही जिल्ह्यांच्या आरोग्याधिकाऱ्यांनी येत्या लग्नसराईपूर्वी एकत्र बसून, एका तीरावरचा दाखला दुसऱ्या तीरावरील दवाखान्यात फेरतपासणीवाचून ग्राह्य धरला जाईल आणि त्यावरच औषध मिळेल, असा लेखी हुकूम काढावा.